वाचकांचे गायरान

बृहन्महाराष्ट्रातील मराठी माणसाच्या वाट्याला एक निराळेच एकाकीपण येते. पुण्यामुंबईच्या लेखकाला वाचक मिळत नाही, ही ओरड आपण पिढ्यान्पिढ्या ऐकत आलो आहोत. परंतु इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणी राहणाऱ्या वाचकाला दुसरा वाचक मिळत नाही, या दुःखाची दाद कोणी फारशी घेतलेली नाही. एखादी कादंबरी वाचून मन भरून यावे आणि ते जिच्यापाशी मोकळे करावे अशी व्यक्ती शेजारीपाजारी तर सोडाच, साऱ्या शहरात आढळू नये, ही स्थिती आमच्या नित्य परिचयाची आहे. मंडळाचे ग्रंथालय असते. परंतु ते आठवड्यातून दोन संध्याकाळी उघडते, आणि तेथे भेटणारे सद्गृहस्थ पंख्याखाली दहा मिनिटे बसून, साप्ताहिकाची पाने चाळून, घामाबरोबरच वाङ्मयाचाही विचार पुसून टाकून घरी जातात.

म्हणून काही वर्षांपूर्वी मध्य प्रदेशातील आमच्या शहरातल्या चारदोन मंडळींनी व्हॉट्सॲपवर मराठी वाचकांचा एक समूह काढला, तेव्हा आम्हांला झालेला आनंद पोरकट म्हणावा इतका होता. पहिल्या वर्षी त्या समूहावर काय काय घडले! कोणी माळ्यावर सापडलेल्या जुन्या मासिकांच्या अंकांची यादी दिली. कोणी एका शब्दाच्या ऱ्हस्वदीर्घावरून वाद उकरून काढला आणि तो तीन दिवस पुरला. एका बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी दररोज रात्री आपण वाचलेल्या पानांवर दोन ओळी लिहिण्याचा नेम धरला होता. त्या दोन ओळींची वाट पाहण्याची आम्हांला सवय जडली होती. सभासद चाळीसपन्नास, संदेश दिवसाला दहाबारा. त्यांतला प्रत्येक वाचला जात असे आणि बहुतेकांना उत्तर मिळत असे.

आज त्याच समूहाचे सभासद सातशेच्या घरात आहेत. सकाळी उठून पाहावे तो शंभरावर संदेश येऊन पडलेले असतात. कोणाचा काव्यसंग्रह प्रकाशित होत आहे, त्याचे मुखपृष्ठ. त्याच मुखपृष्ठाचे दुसऱ्या सभासदाने केलेले पुनःप्रेषण. त्यावर पुष्पगुच्छांची आणि जोडलेल्या हातांची रांग. कोणी यूट्यूबवर कथावाचनाची वाहिनी सुरू केली आहे, तिला वर्गणीदार हवे आहेत. कोठे ऑनलाइन कविसंमेलन आहे आणि सहभागी होणाऱ्या प्रत्येकास प्रमाणपत्र मिळणार आहे. कोणी प्रातिनिधिक कवितासंग्रह काढीत आहे आणि त्यात दोन कविता छापून घेण्याचे सहभागशुल्क कळविले आहे. दिवाळी जवळ आली की अंकांच्या जाहिराती. दिवाळी सरली की त्या अंकांत आपले लेखन आल्याच्या वार्ता. या साऱ्यांत एखाद्याने काही वाचले, त्याविषयी त्याला काही वाटले, असे सांगणारा संदेश हाताच्या बोटांवर मोजावा इतकाच. आणि तोही सापडलाच तर.

न सापडलेल्या अशाच एका संदेशाची हकीकत मला सांगावयाची आहे, कारण त्यावाचून माझा राग वाचकांस केवळ एका वृद्धाची कुरकुर वाटेल.

गेल्या वर्षी नवरात्रात, एका संध्याकाळी, आमच्या समूहावर एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी चारपाच ओळी लिहिल्या. बाई बाहत्तर वर्षांच्या. त्या कधी काही लिहीत नसत. त्यांनी लिहिले होते की श्री. ना. पेंडसे यांची ‘रथचक्र’ त्यांनी विसाव्या वर्षी वाचली होती आणि परवा पुन्हा वाचली. मुलांच्या शिक्षणासाठी झगडणारी त्यातली स्त्री शेवटी हरली, असे त्यांना तेव्हा वाटले होते. आता तसे वाटेना. ‘मी बदलले की तेव्हाच वाचताना माझे काही सुटले? कोणी अलीकडे वाचली असेल तर सांगा,’ एवढेच त्यांचे विचारणे होते.

वाङ्मयाच्या चर्चेला याहून चांगला प्रश्न मला तरी ठाऊक नाही. पन्नास वर्षांच्या अंतराने एकच पुस्तक दोनदा वाचणारे आणि दोन्ही वाचनांतील फरक प्रामाणिकपणे ओळखणारे वाचक विद्यापीठांच्या चर्चासत्रांतही विरळा. त्या प्रश्नाला आमच्या समूहाने काय उत्तर दिले? पुढच्या पंधरा मिनिटांत एका प्रकाशनसमारंभाचे निमंत्रण आले, तीन चित्रफिती आल्या, एका गझलकाराचे छायाचित्र आले, एका नव्या कथासंग्रहाचे मुखपृष्ठ आले, आणि मग त्या सर्वांवर अभिनंदनाचा वर्षाव सुरू झाला. बाईंच्या ओळी वर सरकत सरकत दिसेनाशा झाल्या. उत्तर एकही आले नाही. चार दिवसांनी ‘अमुक यांनी समूह सोडला’ अशी, फक्त व्यवस्थापकांना दिसणारी, एक करडी ओळ उमटली. तीही कोणाच्या लक्षात आली नसावी, कारण तिच्याखाली लगेच एक दिवाळी अंक होता.

हे जे घडले त्याला कोणी दुष्टपणा म्हणणार नाही. बाईंचा अपमान करावा असे कोणाच्या मनात नव्हते. प्रत्येकाने फक्त आपापली वस्तू आणून मांडली. परंतु आठवडी बाजारात जर प्रत्येकजण विकण्यासच बसला आणि विकत घेण्यास कोणीच फिरकले नाही, तर त्याला बाजार तरी का म्हणावे? आमचे समूह आज असे झाले आहेत. तेथे सर्व बोलणारे आहेत. ऐकणाऱ्याचे आसन रिकामे आहे, आणि त्या रिकाम्या आसनाला उद्देशून जो तो अधिकाधिक मोठ्याने ओरडत आहे.

गमतीची, किंबहुना लाजेची, गोष्ट अशी की हे संकट आमच्यावर कोण्या भांडवलदाराने लादलेले नाही. व्हॉट्सॲप 2009 साली निघाले तेव्हापासून त्याच्या संस्थापकांची जाहिरातींविषयीची तिडीक प्रसिद्ध होती. आपण जाहिराती का विकत नाही, याचे जाहीर स्पष्टीकरण त्यांनी 2012 साली दिले होते. 2014 मध्ये फेसबुकने ती कंपनी विकत घेतली, तरीही त्या माध्यमातील एका विभागात जाहिराती दाखविण्याची घोषणा व्हायला 2025 चा जून उजाडावा लागला. आणि तेव्हाही खाजगी संभाषणांत त्या येणार नाहीत असे सांगण्यात आले. म्हणजे ज्यांचा धंदाच जाहिरातींचा, त्यांना आमच्या बैठकीत शिरावयास इतकी वर्षे संकोच वाटला. आणि आम्ही साहित्यिक म्हणविणाऱ्यांनी मात्र त्याआधीच ती बैठक भित्तिपत्रकांनी मढवून टाकली!

या रोगाचा इतिहास फार जुना नाही. संगणकांच्या जाळ्यावर चालणाऱ्या चर्चामंडळांत 1994 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या एका वकील दांपत्याने, कँटर आणि सीगल त्यांचे नाव, परदेशी लोकांना तेथे वास्तव्याचा परवाना मिळवून देण्याच्या आपल्या सेवेची जाहिरात हजारो मंडळांवर एकाच वेळी टाकली. खगोलशास्त्राचे मंडळ असो की पाकशास्त्राचे, जाहिरात तीच. सभासद खवळले; निषेधाच्या पत्रांचा एवढा लोंढा आला की त्यांना सेवा पुरविणाऱ्या कंपनीची यंत्रे कोलमडली आणि कंपनीने त्यांची सेवा बंद केली. त्या दांपत्याला पश्चात्ताप झाला काय? मुळीच नाही. असा व्यवसाय करून धनवान कसे व्हावे, याचे पुस्तकच त्यांनी त्या वर्षी लिहिले. त्यांचे म्हणणे असे की जाळे हा सार्वजनिक रस्ता आहे आणि रस्त्यावर कोणीही ओरडावे. आमच्या कविमित्रांना या दांपत्याचे नाव ठाऊक नसेल. त्यांचे तत्त्वज्ञान मात्र त्यांनी तंतोतंत उचलले आहे. फरक एवढाच की त्या वकिलांना पैसे तरी मिळाले असावेत.

येथे आमचे काही मित्र पुढे सरसावून म्हणतील, ‘ज्याला नको त्याने वाचू नये. बोट वर सरकवायला असे कितीसे कष्ट पडतात?’ हा युक्तिवाद मी इतक्या वेळा आणि इतक्या भल्या माणसांकडून ऐकला आहे की त्याचा समाचार थोडा विस्ताराने घेणे प्राप्त आहे. हर्बर्ट सायमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1971 सालीच दाखवून दिले होते की माहिती ज्या वस्तूचे भक्षण करते ती वस्तू म्हणजे ती घेणाऱ्याचे अवधान. म्हणून जेथे माहितीची रेलचेल होते तेथे अवधानाचा दुष्काळ पडणारच. न वाचलेला संदेशही फुकट जात नाही. हा वाचावा की न वाचावा, एवढे ठरवण्यापुरते तरी तो आपले लक्ष खातो. एक संदेश टाळण्यास निमिष पुरते हे खरे. पण शंभर टाळल्यावर एकशे एकावा वाचण्याची इच्छा राहत नाही, आणि तो एकशे एकावा नेमका शिक्षिकाबाईंचा असतो. भिकाऱ्यांच्या रांगेतून जाणारा मनुष्य शेवटी खिशात हात घालण्याचे सोडून देतो, तो निर्दय झाला म्हणून नव्हे, थकला म्हणून. मग तो काय करतो? समूह ‘म्यूट’ करतो. आमच्या सातशे सभासदांपैकी बहुतेकांनी तो तसा केला असावा, असा माझा कयास आहे. म्हणजे ज्या सातशे वाचकांपर्यंत पोहोचल्याच्या आनंदात लेखक झोपी जातो, ते वाचक कधीच घराचे दार लावून घेऊन आत बसले आहेत; अंगणात पडलेल्या पत्रकांवर फक्त इतर पत्रके पडत आहेत.

समूहाची सभासदमर्यादा 2016 मध्ये 256 झाली, 2022 मध्ये आधी 512 आणि मग 1024. मर्यादा वाढली की आमच्या व्यवस्थापकांना पदोन्नती झाल्यासारखे वाटते. परंतु सभासदाच्या दिवसाचे तास वाढविण्याची सोय कोणत्याही कंपनीने अद्याप केलेली नाही. उलट एक मर्यादा कमी झाली होती, तिचे काय झाले तेही पाहण्याजोगे आहे. 2018 च्या जुलैच्या पहिल्या तारखेला धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. देशात इतरत्रही अशा हत्या घडल्या होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांपलीकडे पुढे धाडता येणार नाही असे बंधन घातले. माणसांच्या रक्ताने लिहिलेला हा नियम. आमचे उत्साही बंधू तो कसा पाळतात? मजकूर उचलतात, नव्याने चिकटवतात आणि पन्नास समूहांवर टाकतात. काव्यसंग्रहाने कोणाचा जीव जात नाही, हे मला मान्य आहे. तरी पण बंधन कशासाठी आले हे ठाऊक असताना ते ओलांडण्याची युक्ती एकमेकांस अभिमानाने शिकवावी, याला सुसंस्कृतपणा म्हणता येईल काय?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तो असा की जाहिरातीवाचून मराठी वाङ्मय कधी जगले आहे? काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून चालत आलेली ही परंपरा जाहिरातींच्याच बळावर टिकली. एवढेच कशाला, ‘किर्लोस्कर’ मासिकाचा जन्म 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ या नावाने झाला तो नांगर बनविणाऱ्या एका कारखान्याचे वार्तापत्र म्हणून. म्हणजे महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांना ज्याने वाचावयास लावले ते मासिक मुळात जाहिरातच होते, असे कोणी म्हणाल्यास मी ते नाकारणार नाही.

मात्र या उदाहरणांतून निघते ते आक्षेपकांना सोयीचे नाही. दिवाळी अंकातील तेलाची अथवा दागिन्यांची जाहिरात आपल्या चौकटीत बसते. ती तेथे बसण्याचे दाम मोजते, आणि त्या दामातून लेखकाचे मानधन व वाचकाच्या अंकाची स्वस्ताई निघते. ती आपण कथा असल्याचे सोंग घेत नाही. किर्लोस्करांच्या पत्राने तर कारखान्याच्या वार्तेपेक्षा कितीतरी अधिक वाचकाला दिले, म्हणून वाचकाने त्याला घरात घेतले. आमच्या समूहावरील जाहिरात काही मोजत नाही आणि काही देत नाही. शिवाय ती गप्पांचा वेष घेऊन येते: ‘सहज आठवले म्हणून सांगतो’ अशी सुरुवात करून तिसऱ्या ओळीत पुस्तकाची किंमत आणि सवलत सांगणारा मजकूर आपण सर्वांनीच वाचला आहे. मित्राने मित्राच्या पुस्तकावर लिहिलेले परीक्षण, जे वाचून पुस्तकात काय आहे ते कळत नाही पण दोघांचे सख्य किती आहे ते कळते, हाही तिचाच एक वेष. खोटे नाणे बाजारात आले की खरे नाणे लोक घरात दडवून ठेवतात, हा अर्थशास्त्रातील जुना सिद्धांत आहे. न वाचता दिलेले ‘अप्रतिम!’ हे असे खोटे नाणे. ते इतके माजले आहे की आता कोणी मनापासून ‘अप्रतिम’ म्हणू लागला तर त्यालाच संकोच वाटतो.

तिसरे म्हणणे मात्र असे आहे की त्यापुढे मी मान खाली घालतो. महाराष्ट्राबाहेर राहून मराठीत लिहिणाऱ्याचे पुस्तक पुण्याच्या दुकानात ठेवले जात नाही. वृत्तपत्रांत त्याची पोच येत नाही. त्याच्या शहरात मराठी पुस्तकांचे दुकानच नाही. त्याने पदरचे पैसे घालून प्रती छापल्या आणि त्या पलंगाखाली पडून आहेत. त्याने या समूहांवर सांगायचे नाही तर कोठे सांगायचे? या प्रश्नाची धार मला ठाऊक आहे, कारण तो पलंग माझ्याही घरात आहे. गेल्या वर्षी माझा एक कथासंग्रह निघाला. मी त्याचे मुखपृष्ठ एकाच संध्याकाळी अकरा समूहांवर टाकले. फुले, हात, टाळ्या मिळून दीडशेच्या वर अभिप्राय आले. रात्री मला झोप लागेना, इतका मी हर्षभरित झालो होतो. पुढच्या सहा महिन्यांत तेवीस प्रती विकल्या गेल्या आणि त्यांतील नऊ नातेवाइकांनी घेतल्या. एका अभिनंदनकर्त्या गृहस्थांची मंडळाच्या कार्यक्रमात गाठ पडली, तेव्हा त्यांनी माझ्या कवितांचे कौतुक केले. संग्रह कथांचा आहे, हे मी त्यांना सांगितले नाही.

आणि ती संध्याकाळ नवरात्रातली होती. शिक्षिकाबाईंच्या प्रश्नानंतर जे संदेश येऊन पडले म्हणून मी वर सांगितले, त्यांतील कथासंग्रहाचे मुखपृष्ठ माझे होते. मी त्यांचा प्रश्न पाहिलाही नव्हता. आपले मुखपृष्ठ टाकून मी पुढच्या समूहाकडे वळलो होतो. तीन आठवड्यांनी त्या ग्रंथालयात भेटल्या, तेव्हा ‘समूहावर हल्ली दिसत नाही’ असे मी औपचारिकपणे म्हणालो आणि त्यांनी तितक्याच शांतपणे सारे सांगितले. नंतर घरी येऊन मी बोट वर सरकवीत सरकवीत त्या तारखेपर्यंत गेलो. बराच वेळ लागला.

तेव्हापासून मी या प्रश्नाचा विचार वेगळ्या रीतीने करू लागलो आहे. आपल्या खेड्यांत गायरान असते. ते कोणा एकाचे नसते आणि म्हणून सर्वांचे असते. गॅरेट हार्डिन नावाच्या शास्त्रज्ञाने 1968 साली एक निबंध लिहून असे मांडले की अशा सामाईक कुरणाचा नाश अटळ आहे. कारण एक जनावर अधिक सोडण्याचा लाभ एकट्या मालकाला आणि गवत संपल्याची हानी मात्र सर्वांत वाटलेली. वाचकांचे अवधान हे आमचे असेच गायरान आहे आणि आमच्या समूहांची दशा पाहून हार्डिनसाहेबांचे म्हणणे खरे ठरले असे वाटावे. परंतु एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने, अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारी पहिली स्त्री ती हीच, 2009 साली मिळाले तिला, हार्डिनचे म्हणणे सर्वत्र खरे नाही हे प्रत्यक्ष गावांच्या इतिहासांवरून दाखविले. तिच्या 1990 सालच्या ग्रंथात स्वित्झर्लंडमधील ट्योर्बेल या डोंगरी गावाचे उदाहरण आहे. त्या गावाचा 1517 सालचा एक लेखी नियम असा की ज्याला हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जितक्या गाई पोसता येतील, तितक्याच त्याने उन्हाळ्यात गावच्या कुरणावर सोडाव्या. अधिक सोडील त्यास दंड. आणि दंड वसूल करणाऱ्या गावकामगारास त्यातील अर्धा भाग ठेवून घेण्याची मुभा. पाचशे वर्षे ते कुरण टिकले.

हा नियम वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. हिवाळ्यात पोसता येतील तितक्याच गाई! साहित्याच्या भाषेत याचा अर्थ इतकाच होतो की ज्याने दुसऱ्यांचे जितके वाचले असेल, तितकेच आपले त्याने इतरांपुढे मांडावे. अमुक दिवशीच जाहिरात टाका, अमुक वेळीच टाका, असले नियम आम्ही करून पाहिले. ते महिनाभरही टिकले नाहीत, कारण त्यांनी फक्त गाई सोडण्याची वेळ ठरविली, चारा कोणी वाढवायचा ते सांगितले नाही. मी म्हणतो तो नियम असा: कोणाही सभासदाने आपल्या पुस्तकाची, कार्यक्रमाची वा वाहिनीची वार्ता एकदा द्यावयाची असेल, तर त्याआधी त्याने समूहातील अथवा समूहाबाहेरील दुसऱ्या कोणाच्या पुस्तकावर, ते खरोखर वाचून, दहा ओळी लिहिलेल्या असाव्यात. स्तुती असलीच पाहिजे असे नाही, निंदा चालेल. वाचल्याचे दिसले पाहिजे. आणि कोणी प्रश्न विचारला असता त्याला निदान एक उत्तर मिळेपर्यंत वर नवी जाहिरात चढवू नये.

हा नियम राबविणार कोण, असे कोणी विचारील. आमच्या व्यवस्थापकांचा अनुभव पाहता शंका रास्त आहे. बिचारे भिडस्त आहेत. जाहिरात करणाऱ्यांत मंडळाच्या गणेशोत्सवाला वर्गणी देणारे असतात, कार्यकारिणीतले असतात, एखादा व्यवस्थापकांचा व्याहीही असतो. ट्योर्बेलप्रमाणे यांना अर्धा दंड द्यावा असे मी थट्टेने सुचविले, तेव्हा त्यांच्या मुद्रेवर क्षणभर आशा दिसली. पण ऑस्ट्रॉमबाईंनी सांगितलेली मुख्य गोष्ट हीच आहे की असे नियम टिकतात ते वरच्या धाकाने नव्हे. ज्यांची जनावरे चरतात त्यांनीच ते केलेले आणि त्यांनीच एकमेकांवर नजर ठेवलेली असते म्हणून टिकतात. नको असलेल्या व्यापारी संदेशांपासून दूरध्वनीधारकाला वाचविण्यासाठी सरकारने 2007 पासून नोंदवही उघडली आहे. कवीपासून वाचविणारी नोंदवही सरकार उघडणार नाही आणि उघडूही नये. हे काम आमचे आहे.

मी स्वतः आरंभ केला आहे, तो फारसा शोभिवंत नाही. माझ्या अकरा समूहांपैकी आठ मी सोडले. उरलेल्या तिहींवर गेल्या दहा महिन्यांत मी स्वतःच्या पुस्तकाचे नाव काढलेले नाही. ‘रथचक्र’ ग्रंथालयातून आणून वाचली. माझे आणि बाईंचे तिच्याविषयी जुळत नाही, आणि ते न जुळणे कागदावर लिहून मी त्यांच्या घरी नेऊन दिले. त्यांचे आठ पानी उत्तर आले आहे. ते समूहावर टाकण्याची परवानगी मी मागितली, त्यांनी ती दिली नाही.

वर लिहिलेला नियम ठराव म्हणून मंडळाच्या येत्या वार्षिक सभेपुढे मी मांडणार आहे. अनुमोदक मिळाला आहे: तेच बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, ज्यांनी दोन ओळी लिहिणे कधीच सोडून दिले होते. ज्यांना ठराव मान्य नसेल त्यांनी सभेस येऊन तसे उभे राहून सांगावे. समूहावर उत्तर टाकू नये. तेथे ते कोणाच्या नजरेस पडणार नाही.